अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट काळे का पडतात? डीग्रीझर निवडताना या चुका टाळा

क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, हेड, क्रँककेस, कार्बोरेटरची बॉडी, मॅग व्हील. बाइकवर तेलाने माखणारं बहुतेक सगळं अ‍ॅल्युमिनियमच असतं. त्यावरचं ग्रीस कशानेही निघतं. प्रश्न असतो तो खालचा धातू शाबूत ठेवण्याचा, आणि तो सुटतो डीग्रीझरच्या, म्हणजे ग्रीस काढायच्या द्रव्याच्या, बाटलीवरचं लेबल वाचल्याने.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. धातूचं संरक्षण तोच करतो. पीएच म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कली आहे याचं माप: 7 म्हणजे तटस्थ, त्याहून कमी आम्ल, जास्त अल्कली. साधारण 4 ते 8.5 पीएचच्या दरम्यान हा थर टिकून राहतो. 4 च्या खालचं तीव्र आम्ल आणि 8.5 च्या वरचा तीव्र अल्कली, दोन्ही या थराला विरघळवतात. लोखंडाला अल्कली सहसा काही करत नाही. म्हणून लोखंडी पार्टवर वर्षानुवर्षं चाललेली पद्धत अ‍ॅल्युमिनियमवर वापरली की घात होतो.

सर्वात मोठी चूक: कास्टिक सोडा

टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात सायलेन्सरमधला कार्बन कास्टिक सोड्याच्या गरम पाण्याने काढायची पद्धत पडली. सायलेन्सर पोलादाचा, त्यामुळे तिथे ते चालून जायचं. पण त्याच बादलीत हेड किंवा पिस्टन टाकला की पाण्याला फेस येतो आणि बादली गरम होते. बघणाऱ्याला वाटतं मळ सुटतोय. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियम विरघळत असतं आणि बुडबुडे असतात हायड्रोजनचे. हा वायू पेट घेतो, म्हणून बंद खोलीत ते आणखी धोक्याचं.

पार्ट बाहेर काढला की तो राखाडी-काळा दिसतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन, तांबं आणि थोडं लोखंड असतं. वरचं अ‍ॅल्युमिनियम निघून जातं आणि हे मागे उरतं, तोच काळा थर. रिंगच्या खाचा आणि गॅस्केटचे सपाट पृष्ठभाग अशा जागी झालेली झीज कुठल्याच पॉलिशने भरून येत नाही.

त्यामुळे लेबलवर सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कास्टिक सोडा) किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं की बाटली परत ठेवा. ड्रेन साफ करायची पावडर, ओव्हन क्लीनर आणि किचनच्या चिमणीसाठीचे कडक स्प्रे यांत हे सर्रास असतं. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर त्यामानाने सौम्य, पण त्यांचंही पाणी पीएच 10 ते 11 पर्यंत जातं. गरम पाण्यात रात्रभर भिजवलं तर डाग पडणारच. उष्णता वाढेल तशी रासायनिक क्रिया झपाट्याने वाढते, ढोबळमानाने दर 10 अंश सेल्सियसला दुप्पट.

काही औद्योगिक डीग्रीझर अल्कली असूनही अ‍ॅल्युमिनियमवर चालतात, कारण त्यांत सिलिकेटसारखं संरक्षक द्रव्य घातलेलं असतं. लेबलवर "अ‍ॅल्युमिनियमसाठी सुरक्षित" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते घ्या. "सर्व धातूंसाठी" एवढ्यावर विसंबू नका. शंका असेल तर पीएच पट्टी बुडवून बघा. पट्टी स्वस्त असते, क्रँककेस नाही.

चमक आणण्यासाठी अ‍ॅसिड

टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते लावल्यावर पार्ट क्षणभर पांढराशुभ्र दिसतो, मग निस्तेज होतो आणि बारीक खड्डे पडतात. क्लोराइड सांध्यात अडकून राहिलं तर धुतल्यावरही गंज चालू राहतो. शिवाय आम्ल तेल विरघळवत नाही, म्हणजे मूळ काम तसंच राहतं. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि वेदना कधीकधी तासांनी जाणवते. अशा बाटलीपासून चार हात लांब राहा.

मग वापरायचं काय?

जाड, जुनाट ग्रीससाठी आधी रॉकेल. ते मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. दोन्ही तेल विरघळवतात, अ‍ॅल्युमिनियमला हात लावत नाहीत. डिझेलही चालतं, पण मागे तेलकट थर ठेवतं. पेट्रोल धातूला अपाय करत नाही. मात्र त्याची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि त्यात बेंझिन असतं. जवळचा हिटर किंवा स्विचची ठिणगी पुरते. पेट्रोलचा डबा आणि ब्रश हे समीकरण सोडून द्या.

रॉकेलने मुख्य थर निघाला की पाण्यात मिसळायचा, पीएच 7 ते 8.5 चा डीग्रीझर घ्या. बाटलीवरचं प्रमाण पाळा. ते दिलेलं नसेल तर हलक्या मळासाठी 1 भागाला 10 भाग पाणी आणि जाड मळासाठी 1 ला 4 यापासून सुरुवात करा. आधी कव्हरच्या आतल्या बाजूला थोडं लावून 10 मिनिटं थांबा. रंग बदलला किंवा बुडबुडे आले तर ते द्रव्य तुमच्या पार्टसाठी नाही. मग 3 ते 5 मिनिटं ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा घालायला विसरू नका.

तेल गेलं की नाही, हे पाणीच सांगतं. धुतलेल्या पार्टवर पाणी सलग पसरलं तर तो स्वच्छ आहे. थेंब थेंब जमले तर तेल अजून आहे, पुन्हा एक फेरी करा.

डीग्रीझर बरोबर, पण पद्धत चुकली

तापलेल्या इंजिनवर फवारू नका. द्रव वाळतो आणि ओघळांचे डाग कायमचे बसतात. हाताला सहज सोसेल इतकं थंड होऊ द्या. कार्बोरेटरचं तोंड, एअर फिल्टरची नळी आणि वायरिंगचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका.

कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याआधी ओ-रिंग आणि स्लाइडचा रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) काढून बाजूला ठेवा. नाहीतर डायफ्रॅम फुगतो, परत बसत नाही आणि गाडी पिकअप घेत नाही. ब्रेक कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचं असलं तरी त्याची सीलं रॉकेल आणि पेट्रोलने फुगतात. तिथे फक्त क्लोरीनविरहित ब्रेक क्लीनर.

रंगवलेल्या किंवा लॅकर मारलेल्या कव्हरवर थिनर वापरला की थर सोलून निघतो. तारेचा लोखंडी ब्रशही टाळा. त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात तांबूस गंजाचे ठिपके उमटतात. गॅस्केटच्या जागेवर घासण्याची जाळीदार पॅडं फिरवणं त्याहून वाईट, कारण त्यांतली अपघर्षक भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते. जुनी गॅस्केट प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने काढा.

पाण्यातल्या डीग्रीझरमध्ये स्टीलचे स्टड लावलेला पार्ट रात्रभर बुडवून ठेवू नका. दोन धातूंच्या संपर्कात अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं. अल्ट्रासॉनिक टाकीतही (ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या) 50 ते 60 अंश आणि 5 ते 10 मिनिटं पुरेत. पॉलिश केलेला पार्ट जास्त वेळ ठेवला तर पांढुरका पडतो.

बिघडलंच तर

काळा थर आला असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात 50 मिली पांढरं व्हिनेगर घालून पुसा आणि पुन्हा धुवा. यामुळे उरलेला अल्कली निष्क्रिय होतो. काळेपणा त्याने पूर्ण जात नाही. कव्हरच्या बाहेरच्या बाजूवर बारीक पॅड आणि मेटल पॉलिश चालतं. जिथे मापं महत्त्वाची आहेत त्या जागी मात्र घासत बसू नका, पार्ट मशीन शॉपमध्ये दाखवा.

पांढरी भुकटी येत असेल तर पार्ट नीट वाळलेला नव्हता, किंवा रसायन खाचेत राहिलं होतं. पुन्हा धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक भोक फुंका आणि उन्हात ठेवा. बेअरिंग आणि पोलादी भागांना लगेच ऑइलचा हात द्या.

दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा तेल दिसत असेल तर डीग्रीझर बदलून उपयोग नाही, गळती आहे. इंजिन पूर्ण वाळवा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी 10 मिनिटं चालू ठेवा. पावडर जिथे सर्वात आधी आणि सर्वात वर ओली होते, तिथली गॅस्केट किंवा सील तपासा.