मेटल हॅलाइड दिव्यासाठी चोक निवडताना

मत्स्यालयावरचा मेटल हॅलाइड दिवा थेट २३० व्होल्टच्या जोडणीवर चालत नाही, कारण त्याच्या नळीत ठिणगी पेटली की विद्युतप्रवाह अनावर वाढू लागतो आणि त्याला आवर घालण्याचे काम चोक करतो. म्हणून चोकची वॅट क्षमता दिव्याइतकीच असावी; १५० वॅटचा दिवा २५० वॅटच्या चोकवर लावणे म्हणजे दिवा जाळून टाकणे होय. परदेशातून जुना चोक आणवत असल्यास तो आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच आहे ना, हे त्यावरील पट्टीवर वाचावे.

तांब्याच्या गुंडाळीचा चोक जड असतो, तापतो आणि गुणगुणतो, परंतु दमट हवा आणि व्होल्टेजचे चढउतार तो बऱ्यापैकी सोसतो. इलेक्ट्रॉनिक चोक हलका व शांत असला तरी ओल त्याला मानवत नाही. कोल्हापूरचा पावसाळा पाहता माझा कौल पहिल्यालाच आहे. त्यासोबत जुळणारा इग्निटर (दिवा पेटवायला जास्त व्होल्टेजचा झटका देणारा भाग) व कपॅसिटर (जोडणीतून ओढला जाणारा जादा प्रवाह कमी करणारा भाग) घ्यावा आणि इग्निटर दिव्याजवळ बसवावा.

चोक टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नये, अर्थिंग टाळू नये. वीज जाऊन लगेच आली, तरी तापलेला दिवा काही मिनिटे पेटत नाही. तो चोकचा दोष नव्हे.