फ्लोरोक्विनोलोनांची एमआयसी तुलना: झोनची पट्टी बाजूला ठेवा

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा झोन ३२ मिलिमीटर, लिव्होफ्लॉक्सॅसिनचा २९, म्हणून सिप्रो सरस. फ्लोरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटावर प्रकल्प करणारी मुलं असा निष्कर्ष घेऊन आली की मी तो सरळ खोडते. डिस्कभोवती, म्हणजे औषध असलेल्या कागदी चकतीभोवती, झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) केवढा पडतो हे औषधाच्या ताकदीइतकंच ते अगारमधून (प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमातून) किती वेगाने पसरतं यावरही ठरतं. त्यात डिस्कमधल्या मात्राही सारख्या नसतात: सिप्रोची डिस्क ५ मायक्रोग्रॅमची, नॉरफ्लॉक्सॅसिनची १०. झोन त्याच औषधाच्या तक्त्याशी ताडून पाहायचा असतो, शेजारच्या औषधाच्या झोनशी नाही. दोन औषधं एकमेकांसमोर उभी करायची असतील तर एमआयसी काढा, म्हणजे ज्या सर्वांत कमी प्रमाणात जिवाणूंची दिसणारी वाढ थांबते ते प्रमाण. त्यासाठी ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट आणि ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करत जाणं, ही पद्धत वापरायची.

सुरुवात पावडरीपासून. दुकानातल्या गोळ्या कुटून प्रयोग करू नका. त्यात औषधाशिवाय काय काय आणि किती असतं याचा हिशेब लागत नाही. संदर्भ दर्जाची पावडर घ्या आणि लेबलवरची पोटेन्सी, म्हणजे पावडरीत खरं औषध किती, ती वाचा. १२८० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा १० मिली स्टॉक हवा असेल आणि पोटेन्सी ९४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असेल, तर १२८०० भागिले ९४०, म्हणजे १३.६ मिलिग्रॅम तोलायचे. सिप्रो बहुतेकदा हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटच्या रूपात मिळतं. त्याच्या वजनातला सुमारे १४ टक्के भाग सिप्रो नसतोच, त्यामुळे पोटेन्सी त्या रूपाची दिली आहे की मूळ औषधाची हे नीट पाहा. सिप्रोचं हायड्रोक्लोराइड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन पाण्यात विरघळतात. लिव्हो आणि नॉर मात्र निम्म्या पाण्यात कालवून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत विरघळवायचं आणि मग पाण्याने मात्रा पुरी करायची. ही औषधं उजेडात बिघडतात. स्टॉकच्या नळ्यांना फॉइल गुंडाळणं आमच्याकडे सक्तीचं आहे.

मग माध्यम. म्युलर-हिंटन ब्रॉथ कॅटायन-अ‍ॅडजस्टेडच हवा, म्हणजे क्षारांचं प्रमाण जुळवलेला: कॅल्शियम लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १० ते १२.५, पीएच ७.२ ते ७.४. ही निव्वळ औपचारिकता नाही. फ्लोरोक्विनोलोन मॅग्नेशियमला धरून बसतात, त्यामुळे मॅग्नेशियम वाढलं की एमआयसी वर सरकते. पीएच उतरला तरी बहुतेकांची ताकद घटते, आणि सगळ्यांची सारखी घटत नाही. डेलाफ्लॉक्सॅसिन तर उलट वागतं, आम्लात ते जास्त जोरकस होतं. तुलनेतल्या सगळ्या औषधांना ब्रॉथची एकच बॅच वापरा, नाहीतर तुम्ही औषधांची नव्हे, बाटल्यांची तुलना कराल.

इनोक्युलम, म्हणजे वेलमध्ये घालायचे जिवाणू, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. ताज्या कॉलनींपासून सलाइनमध्ये ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाणित माप) इतका गढूळपणा जुळवा, ई. कोलायसाठी तो मिलीला १० ते २० कोटी पेशींच्या घरात असतो. तो ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ करा. प्रत्येक वेलमध्ये औषधाचं दुप्पट प्रमाण असलेला ५० मायक्रोलिटर ब्रॉथ आधीच आहे, त्यात हा ५० मायक्रोलिटर घाला. शेवटी मिलीला साधारण ५ लाख पेशी राहतात. गढूळपणा जुळवल्यावर चहाला जायचं नाही. पंधरा मिनिटांत पातळ करायचं आणि अर्ध्या तासाच्या आत प्लेट भरायची. संख्या खरंच बरोबर आली का, हे मोजून बघा. औषध नसलेल्या वेलमधून भरल्याभरल्या १० मायक्रोलिटर काढून १० मिली सलाइनमध्ये मिसळा, त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी पन्नासेक कॉलनी दिसल्या तर गणित जुळलं. पाचशे दिसल्या तर त्या प्लेटवरचे आकडे वहीत घेऊ नका.

प्लेटवर एका ओळीत एक औषध, दुपटीच्या पायऱ्यांनी उतरत जाणारं. एक वेल फक्त वाढीसाठी, एक फक्त ब्रॉथसाठी. एकच औषध कायम कडेच्या ओळीत ठेवू नका, कडेचं पाणी आधी उडतं. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा, चारांपेक्षा जास्त प्लेट एकावर एक रचू नका. वाचताना कमी प्रमाणाकडून वर जाताना ज्या पहिल्या वेलमध्ये डोळ्यांना वाढ दिसत नाही ती एमआयसी. मध्येच एखादी वेल स्वच्छ आणि पुढची गढूळ असेल तर ती एक सोडून द्या. दोन-तीन असतील तर प्लेट पुन्हा लावा.

आपल्या स्ट्रेनचे (जिवाणूच्या वाणाचे) आकडे वाचण्याआधी नियंत्रण स्ट्रेनचे, म्हणजे ज्याची एमआयसी आधीच ठाऊक आहे अशाचे, वाचायचे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर सिप्रो ०.००४ ते ०.०१६ आणि लिव्हो ०.००८ ते ०.०६ मायक्रोग्रॅम प्रति मिली या पट्ट्यात यायला हवं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ वर सिप्रो ०.१२ ते ०.५, मॉक्सी ०.०१६ ते ०.१२. हेच आकडे सांगतात की ‘सगळ्यात प्रभावी कोणतं’ हा प्रश्न जिवाणूचं नाव घेतल्याशिवाय अपुरा आहे: स्टॅफवर मॉक्सी पुढे, तर स्यूडोमोनासवर सिप्रोच्या तुलनेत ते बरंच मागे पडतं.

आता माझा मुख्य मुद्दा. दुपटीच्या पायऱ्यांच्या या चाचणीत एक पायरी वर किंवा खाली येणं हा चाचणीचा स्वभाव आहे. एका स्ट्रेनवर सिप्रो ०.०१५ आणि लिव्हो ०.०३ आलं, तर त्यावरून काहीही म्हणता येत नाही. याची जाणीव हाताला व्हावी म्हणून मी ऑफ्लॉक्सॅसिन मुद्दाम प्लेटवर ठेवायला लावते. ऑफ्लॉक्सॅसिन हे दोन आरशातल्या रूपांचं समसमान मिश्रण आहे आणि त्याची जवळपास सगळी ताकद लिव्हो या एका रूपात असते. म्हणजे ऑफ्लॉक्सॅसिनची एमआयसी लिव्होच्या साधारण दुप्पट, नेमकी एक पायरी वर, यायला हवी. एका स्ट्रेनवर हा फरक कधी दिसेल, कधी नाही. वेगवेगळ्या दिवशी, बऱ्याच स्ट्रेनवर लावल्यावर तो दिसू लागला की समजा तुमचा हात एक पायरीचा फरक पकडण्याइतका बसला. तोवर सिप्रो-लिव्होच्या वादात पडू नका.

सरासरी काढताना आकड्यांची साधी सरासरी नको; आधी दोनच्या पायाचा लॉग घ्या, त्याची सरासरी काढा आणि उलटवा. एमआयसी ५० आणि एमआयसी ९०, म्हणजे ५० आणि ९० टक्के स्ट्रेनची वाढ ज्या प्रमाणात थांबते ती प्रमाणं, सोबत द्या. आणि प्रत्येक स्ट्रेनवरची दोन औषधांची जोडी जोडीनेच तपासा. प्रतिरोधक स्ट्रेन वेगळे काढून दाखवा, कारण जायरेझ आणि टोपोआयसोमरेझ ४ (या औषधांचं लक्ष्य असलेली जिवाणूंची एन्झाइमं) यांच्यातले बदल साचले की सगळ्याच औषधांची एमआयसी चढते आणि एकत्र सरासरीत मूळ फरक बुडून जातो.

कमी एमआयसी म्हणजे रुग्णासाठी चांगलं औषध, ही उडी तर मारायचीच नाही. ई. कोलायच्या गटासाठी सीएलएसआय या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये संवेदनशीलतेची मर्यादा सिप्रोसाठी ०.२५ आणि लिव्होसाठी ०.५ केली. मर्यादाच वेगळ्या, कारण रक्तात औषध किती पोचतं ते वेगळं. तोंडाने ५०० मिलिग्रॅम सिप्रो दिवसातून दोनदा दिल्यावर चोवीस तासांचा एयूसी (रक्तातल्या औषधाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ) सुमारे २७ येतो, तर ५०० मिलिग्रॅम लिव्हो एकदा दिल्यावर सुमारे ४८. लिव्होची एमआयसी दुप्पट असली तरी एयूसी भागिले एमआयसी काढलं की दोघं जवळपास बरोबरीत येतात. या गटातल्या औषधांसाठी हाच भागाकार महत्त्वाचा, त्यामुळे अहवालात एमआयसीच्या शेजारी त्याचा रकाना ठेवा.

वाढ थांबवण्यापलीकडे मारण्याची गती हवी असेल तर टाइम-किल करा: ०, २, ४, ६ आणि २४ तासांना नमुना काढून कॉलनी मोजायच्या. ९९.९ टक्के घट म्हणजे जिवाणूनाशक. इथे प्रमाण कसं निवडता यावर निकाल फिरतो. सगळ्यांना आपापल्या एमआयसीच्या चौपट दिलं तर एक चित्र, सगळ्यांना सारखे मायक्रोग्रॅम दिले तर दुसरं. दोन्ही लावा आणि कोणतं कुठलं ते आलेखावरच लिहा. फार जास्त प्रमाण वापरल्यावरही निष्कर्षाची घाई नको, कारण क्विनोलोन एका मर्यादेपुढे उलट कमी मारतात, आणि ते पाहून स्टॉक खराब झाला असं वाटू शकतं. नमुन्याबरोबर अगारवर औषधही जातं आणि कॉलनी दडपतं. हे होतंय का ते पाहायला ज्ञात संख्येच्या जिवंत पेशी औषध असलेल्या ब्रॉथमध्ये घालून त्या तिथल्या तिथे अगारवर पसरा. औषध नसलेल्या ब्रॉथच्या तुलनेत कॉलनी कमी आल्या, तर नमुना आणखी पातळ करा किंवा पेशी धुऊन घ्या.