थायरॉइड काढल्यानंतरची गोळी: या चुका टाळा

माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली त्याला आता चार वर्षं होतील. टाके भरले, बसलेला आवाज परत आला, गळ्यावरची रेघ ओढणीखाली लपायला लागली आणि मला वाटलं, सुटले एकदाची. डिस्चार्जच्या कागदावर 'सकाळी उपाशीपोटी एक गोळी' एवढंच लिहिलं होतं. त्या चार शब्दांत घोटाळे करायला केवढी जागा आहे, हे पुढच्या वर्षभरात कळलं.

पहिला घोटाळा चहाचा. कोथरूडमधल्या आमच्या घरी सहाच्या ठोक्याला आधण चढतं. मी गोळी त्या चहाच्याच घोटाबरोबर गिळायचे. पोट तर रिकामंच आहे की, असा माझा हिशेब! पण या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे काढलेली ग्रंथी बनवायची ते हार्मोन, भलतंच मानी औषध आहे, त्याला आतड्यात सोबत कोणी चालत नाही. साधं पाणी, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आता गोळी उशाशी असते. साडेपाचला जाग आली की घ्यायची, वेताळ टेकडीवर चक्कर मारून यायचं, मग चहा. सकाळच्या धावपळीत हे ज्यांना जमत नाही त्यांनी रात्री झोपताना घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावं. चालतं, फक्त जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. नऊला जेवून दहाला आडवं होणाऱ्यांचं ते काम नाही.

दुसरी चूक मात्र मला खरी नडली. थायरॉइडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या की कॅल्शियम खाली येतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर, हातापायात पेटके. असं झालं तर 'अशक्तपणा असेल' म्हणून पडून राहू नका, सर्जनना लगेच फोन करा. मला त्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. मी अगदी व्यवस्थितपणे तुळशीबागेतून सकाळ-दुपार-रात्र अशा खणांची डबी आणली आणि सकाळच्या खणात थायरॉइड, कॅल्शियम, लोह अशा तिन्ही गोळ्या ठेवल्या. दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइड हार्मोन कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा) ११, म्हणजे बराच जास्त! दिवसभर झोप, पायांवर सूज, केसांचा गुंता हातात. मला वाटलं डोस वाढणार. डॉक्टरांनी चिठ्ठीला हात न लावता विचारलं, "गोळ्या कोणत्या क्रमाने घेता?" कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम जेवणाबरोबर गेलं, लोह दुपारी गेलं, आणि डोस तोच ठेवून पुढचा रिपोर्ट जागेवर आला. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

म्हणून माझं मत असं की, बरं वाटत नसेल तर डोसवर संशय घेण्याआधी घड्याळ तपासा.

आणि कॅलेंडरही. हे हार्मोन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा घेतं. डोस बदलला की नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात. पंधराव्या दिवशी लॅबमध्ये धावणं म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडणं. याच कारणाने एखादी गोळी चुकली तर घाबरू नका, त्याच दिवशी आठवली की घ्या. उलट 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली तर परिणाम लगेच दिसत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. ग्रंथीच नाही म्हटल्यावर ही गोळी जन्माची.

शेजारच्या काकूंच्या डोसशी तुलना नको. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांचा डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरून सुरू होतो, म्हणजे ६० किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. अर्धीच काढली असेल तर कधी कधी गोळी लागतही नाही. कॅन्सरसाठी काढली असेल तर काही जणांचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापून येतो आणि घरात रडारड सुरू होते. आधी डॉक्टरांना लक्ष्य काय ते विचारा. छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं असं असेल तर मात्र डोस जास्त होत असेल, तेव्हा डॉक्टरांना सांगायला थांबू नका.

आमच्या आत्याबाईंनी कोबी, फ्लॉवर, मुळा बंद करायचं फर्मान काढलं होतं. अहो, या भाज्या अडथळा आणतात तो ग्रंथीच्या कामात. ग्रंथीच नाही तर अडवणार कोणाला? खुशाल खा. सोयाबीनचं वेगळं, ते गोळीचं शोषण कमी करतं, तेवढं सकाळी टाळा. एकादशी-चतुर्थीला पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडत नाही, देवाला कळतं.

केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्या. बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवू नका. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर निदान आकडा वाचा, ८८, १०० आणि ११२ मध्ये गल्लत सहज होते. कंपनी बदलल्यावर टीएसएच पुन्हा करून घ्यावा.

तरुण मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. दिवस राहिल्यावर या हार्मोनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.