पहिली पॉइंट टू टू : कमी पैशात बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यावी कशी आणि सुधारावी कशी

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या आठवड्यात मला तीन फोन आले. तिन्ही इथल्या, अमेरिकेतल्या मराठी ओळखीच्यांचे. प्रश्न एकच : तशी रायफल केवढ्याला पडते? अगदी तशीच हवी तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. पण तीच पॉइंट टू टू लाँग रायफल गोळी झाडणारी साधी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने मागेपुढे करायचा) तीनशे ते सहाशे डॉलरांत येते, आणि नेमबाजी शिकायला ती पुरून उरते. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच, गोळ्या स्वस्त.

आधी कागदपत्रं

दुकानात पाऊल टाकण्याआधी आपला व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. नेहमी उपयोगी पडतो तो एखाद्या राज्याच्या चालू शिकार-लायसन्सचा. रेंजवर भाड्याने बंदूक घेणंही या मनाईत येऊ शकतं, म्हणून शंका असेल तर आधी वकिलाला विचारा. हौसेपायी ग्रीन कार्डाची वाट बंद करून घेऊ नका. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही.

परवानाधारक दुकानदाराकडे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. रायफलसाठी फेडरल वयोमर्यादा १८ वर्षं आहे, काही राज्यांत त्याहून जास्त. न्यू जर्सीत आधी पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये बंदूक बाळगण्यासाठीचं फॉइड कार्ड, कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावं लागतं. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, स्वतःच्या नावावर बंदूक घेणं हा गुन्हा आहे. मित्राने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा.

कुठली घ्यावी

माझ्या मते तीन नावांपुरतं बघितलं तरी चालेल. सगळ्यांत स्वस्त सॅव्हेज मार्क टू. तिचा ॲक्युट्रिगर घरच्या घरी हलका-जड करता येतो आणि या किमतीत एवढा चांगला चाप मिळणं कठीण. बोल्ट मात्र थोडा खरखरीत वाटतो. रुगर अमेरिकन रिमफायर त्याच कंपनीच्या लोकप्रिय टेन ट्वेंटी-टूची मॅगझिन घेते, त्यामुळे मॅगझिन कुठेही मिळतात. चेक कंपनीची सीझेड ४५७ थोडी महाग, पण बोल्ट फक्त ६० अंश उचलावा लागतो, चाप सुधारता येतो आणि पुढे नळीसुद्धा बदलता येते. खिशाला झेपत असेल तर मी सीझेडच घ्यायला सांगेन. दस्ता शक्यतो लाकडी किंवा लॅमिनेटचा निवडा. स्वस्तातला पोकळ प्लास्टिकचा दस्ता हाताने दाबला तरी वाकतो.

जुनी घेत असाल तर बोल्ट बाहेर काढून मागून उजेड पाडा आणि नळीत गंजाचे खड्डे आहेत का ते बघा. नळीच्या तोंडाची कड सगळीकडून सारखी हवी, तिथे टवका उडालेला असेल तर घेऊ नका. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या दिसल्या तर कुणीतरी चुकीच्या किल्लीने आत हात घातलेला आहे हे समजा.

पहिली सुधारणा : गोळ्या

लोक इथेच चुकतात. रायफल घरी आली की नवा दस्ता, नवा चाप यांची ऑर्डर जाते आणि गोळ्या हाताला लागतील त्या. पॉइंट टू टूच्या काडतुसात बार पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं (म्हणूनच नाव रिमफायर), त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याची सोय व्यवहारात नाही. कारखान्यातून आलेल्यांपैकी आपल्या नळीला काय मानवतं ते शोधणं, एवढंच आपल्या हाती उरतं. कडेतलं ते मिश्रण थोडं कमीजास्त झालं की गोळीचा वेग बदलतो आणि कागदावर छिद्रं खालीवर पसरतात.

पाच-सहा प्रकारच्या गोळ्यांची एकेक पेटी आणा. ४० ग्रेन वजनाची, सेकंदाला साधारण १०७० फूट वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी घ्या. ती ध्वनीच्या वेगाखालीच राहते. हाय व्हेलॉसिटी गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येते आणि त्या क्षणी डगमगते. सीसीआय, एसके, एली या कंपन्यांपासून सुरुवात करा. टेबलावर बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, ५० यार्डांवर प्रत्येकीचे पाच गोळ्यांचे चार गट मारा. गट म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेली छिद्रं; ती जितकी जवळजवळ तितकं चांगलं. प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या मोजदादीत न धरता झाडा, कारण गोळीवरचं मेण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते नळीत बसायला वेळ घेतं. कागदावर तारीख, गोळी आणि वारा लिहून ठेवा. माझ्या रायफलीत महागड्या पेटीने सव्वा इंचाचा गट दिला, तिच्या निम्म्या किमतीच्या पेटीने अर्ध्या इंचाचा. ते दोन कागद मी अजून जपून ठेवलेत.

दुसरी : स्क्रू

एकदा माझे गट दोन आठवडे फुटत राहिले. मी नळी घासली, गोळ्या बदलल्या, स्वतःच्या श्वासाला दोष दिला. शेवटी दस्त्याला यंत्रणा जोडणारा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. तेव्हापासून इंच-पाउंडात मोजणारी टॉर्क किल्ली माझ्या पेटीत कायम असते. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा बघून दोन्ही स्क्रू आवळा. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाचा तुकडा सरकवून बघा. अडकला तर दस्ता तिथे थोडा घासून जागा करा. किल्ली सोडली तर खर्च शून्य, फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरी : स्कोप

रिमफायरसाठीचाच स्कोप घ्या. मोठ्या रायफलींच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण सरकल्यासारखी दिसणं) बहुधा १०० यार्डांना जुळवलेला असतो, रिमफायरचा ५० यार्डांना. समोरून किंवा बाजूने तो जुळवता येत असेल तर उत्तम. स्कोप बसवायच्या रिंगा मागवण्याआधी रायफलीवर ११ मिलिमीटरची खाच आहे की आडव्या खाचांची पिकॅटिनी पट्टी, ते बघा. मी न बघता मागवल्या आणि परत पाठवल्या.

नेम जुळवायचा हिशेब सोपा आहे. एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच. पाव एमओएच्या स्कोपमध्ये ५० यार्डांवर बटणाची एक टिचकी म्हणजे एकअष्टमांश इंच. गट दोन इंच खाली पडतोय? वर सोळा टिचक्या.

चाप सर्वांत शेवटी

आधी महिनाभर घरी कोरडा, म्हणजे गोळीशिवाय सराव करा. रिकाम्या चेंबरवर (नळीतल्या काडतुसाच्या जागेवर) चाप ओढला तर काही पॉइंट टू टूंची पिन नळीच्या कडेवर आदळते. इथले नेमबाज त्यासाठी भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिक प्लग वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात शंभर नगांची पिशवी मिळते आणि एकेक प्लग काडतुसासारखा चेंबरमध्ये बसतो. सरावाच्या खोलीत एकही खरी गोळी नको.

मग चाप जड वाटलाच तर कंपनीने दिलेल्या मर्यादेतच हलका करा. नंतर रिकामी रायफल कॉक करून (बोल्ट ओढून चाप चढवून) दस्त्याचं बूड रबरी चटईवर आपटा. चाप आपोआप सुटला तर लगेच पूर्ववत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच गोळीचे चार गट मारा.

घरी बोल्ट काढून रायफल कुलुपात, गोळ्या वेगळ्या कुलुपात. मुलं असतील तर किल्ली तुमच्याकडेच. आणि रेंजवर नेलेली पिशवी भारतात जाताना वापरू नका. वापरणारच असाल तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. अस्तरात अडकलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि सुट्टी पोलिस ठाण्यात सुरू होते.