जुना वाडा कार्यक्रमांना देण्याआधी

पुणे-साताऱ्याकडचा लाकडी सांगाड्याचा वाडा बारसे, मुंज, गाण्याची बैठक यांसाठी खुला करायचा असेल, तर आधी पाणी अडवा, मग भिंती, मग माडीचा भार बघा. रंगरंगोटी सगळ्यांत शेवटी. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर काम सुरू करण्याआधी परवानगी घ्या.

पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्या आणि पन्हळीचे पाणी जोत्यापासून लांब सोडा. मग प्रत्येक खांबाचा पाय तपासा. मागाहून जमीन उंच करून फरशी घातली असेल, तर तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, गाडला जातो, ओल कोंडते आणि सागवानसुद्धा तिथे कुजते. पेचकस टोचून पाहा. टोक सहज आत गेले, तर वर जॅकचा आधार देऊन कुजका भाग कापा आणि जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्याने बसवा. तळखड्याभोवतीची फरशी काढून तो मोकळा ठेवा.

भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको. ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि आतली माती-वीट भुसभुशीत होते. कळीचा चुना विझवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. एका हाताला अर्ध्या इंचाहून जाड थर देऊ नका, आणि आठवडाभर गोणपाट ओले ठेवा. कडक उन्हात घाईने वाळलेला गिलावा तडकतो. वरून चुन्याची सफेदी द्या, प्लास्टिक पेंट नको.

खरा धोका माडीवर आहे. भारतीय मानकांत राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी सुमारे 500. कडीपाटाची (लाकडी तुळया आणि फळ्यांची) माडी घरच्या माणसांसाठी बांधलेली असते. त्यामुळे स्थापत्य अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय वर पंगत किंवा नाच नको; गर्दी चौकात आणि ओसरीवरच ठेवा.

कार्यक्रम चालू असताना दिंडीवर, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारावर, भागवू नका, मोठा दरवाजा पूर्ण उघडा ठेवा. सिलिंडर आणि शेगड्या वाड्याबाहेर. वायरिंग नवे, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती होताच वीज तोडणारा स्विच). मांडवासाठी खांबांना खिळा ठोकू नये, वाळू भरलेल्या पिंपांत बांबू उभे करावेत, ही अट करारात लिहा. अनामत परत देण्याआधी भाडेकरूसोबत प्रत्येक खांब पाहून घ्या.