भिगवणला दोन रात्री तंबूत: होडी, गळ आणि फ्लेमिंगो

पुण्याहून सोलापूर महामार्गाने शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागतं. उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलेलं आहे. पुण्या-मुंबईची मंडळी बहुधा मध्यरात्री उठून निघतात, फ्लेमिंगोचे फोटो काढतात, मासे जेवतात आणि संध्याकाळी घरी. यात पक्ष्यांपेक्षा टोलनाकेच जास्त बघून होतात. शुक्रवारी दुपारी निघून दोन रात्री पाण्याकाठी राहावं. त्याची आखणी अशी करा.

आधी धरणाचे टक्के बघा

तारीख ठरवण्यापूर्वी पेपरात उजनीचा पाणीसाठा वाचा. धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यात धरतात. टक्के फक्त त्याच्या वरच्या पाण्याचे मोजतात. म्हणूनच उन्हाळ्यात उजनी ‘वजा’ टक्क्यांत गेल्याच्या बातम्या येतात. पक्ष्यांचं येणंजाणं याच आकड्यावर आहे. फ्लेमिंगो उथळ पाण्यात उभा राहून चोचीने चिखल गाळून खातो. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा त्याला उभं राहायला जागाच नसते. कालव्यांना पाणी सुटत जातं, पातळी उतरते, दलदलीच्या पट्ट्या उघड्या पडतात, तेव्हा थवे उतरतात. पाऊस जोरदार झालेल्या वर्षी त्यांना उशीर होतो. फ्लेमिंगोसाठी फेब्रुवारी-मार्च धरा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि चक्रवाक बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी.

तंबू कुठे ठोकायचा

मनाला येईल तिथे नाही. कुंभारगाव, डिकसळ या बाजूला मच्छीमार कुटुंबंच राहण्याजेवण्याची सोय करतात; त्यांच्या अंगणात किंवा रानात विचारून तंबू लावा. पाण्याच्या अगदी कडेला रात्री वारा फार लागतो आणि काळी माती ओली असली की खुंट्या धरत नाहीत. उसाच्या फडाला लागून मुळीच नको, या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. घोणस या भागात आहे. पाण्याजवळ दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेली सतरंजी पहाटे पिळून काढावी लागते. थंडीचे कपडे लागतातच.

पोहायचा विचार सोडून द्या. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून शेवटी इथेच येतं. पिण्याचं पाणी सोबत आणा.

होडी आदल्या रात्रीच ठरवा

होडीवाल्याशी दर, वेळ आणि माणसं आधीच बोलून घ्या. उजाडताना निघणं चांगलं. ऊन चढलं की हवा थरथरते, फोटो फसतात आणि पुष्कळदा वाराही उठतो. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि ते अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यात कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. आभाळ भरून आलं आणि होडीवाला नको म्हणाला की विषय संपला, घासाघीस करायची नाही.

कपडे मातकट रंगाचे घाला. थव्याच्या अलीकडे इंजिन बंद करून वल्ह्याने किंवा काठीने पुढे जायला सांगा. ‘दादा, जरा उडवा की त्यांना’ ही फर्माईश इथल्या होडीवाल्यांना सवयीची झाली आहे; तुम्ही ती करू नका. दिवसभर चरून ताकद साठवायला आलेला पक्षी दर तासाला उठवला तर तो खाणार कधी? त्यापेक्षा अर्धा तास एका जागी थांबलात तर फ्लेमिंगो आपल्या चालीने जवळ सरकतात. शिवाय कुरव आणि नदी सुरय डोक्यावरून जातात, चित्रबलाक पाण्यात चोच उघडी धरून उभे असतात, आणि नशीब असेल तर जाळ्याच्या खुंटावर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे हा शिकारी पक्षी दिसतो. दुर्बीण ८×४२ची पुरते.

गळ टाकायचा असेल तर

मासेमारी हा इथल्या भोई कुटुंबांचा पोटाचा धंदा आहे आणि त्याला परवाना लागतो. म्हणून ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांनाच विचारा, ते दाखवतील तिथे आणि त्यांच्यासोबत बसा. साधी काठी, दोरी, बारीक गळ आणि मोरपिसाची किंवा थर्माकोलची तरंगणी एवढं पुरे. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली की चिलापी लवकर लागते. कटला-रोहूला पीठ आवडतं, पण त्यासाठी बसण्याची तयारी हवी. मासेमारांच्या जाळ्यांच्या तरंगण्या कुठे आहेत ते आधी बघून घ्या. तुमचा गळ जाळ्यात अडकला तर फाटलेलं जाळं त्यांना शिवत बसावं लागतं. बोटभर मासा परत सोडा. तुटलेली दोरी खिशात घाला, काठावर टाकलीत तर पक्ष्याच्या पायात अडकते.

काहीच लागलं नाही तरी जेवणाची चिंता नको. चिलापी फ्राय, माशाचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी घरोघरी मिळते. फक्त सकाळीच सांगून ठेवा.

दुसरा दिवस पाण्यापासून दूर

जवळच्या भादलवाडी तलावात बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. उन्हाळ्याकडे गेलात तर काठावरूनच पिलं दिसतात. दुपारनंतर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं माळरान गाठा. चिंकारा, खोकड आणि नशिबात असेल तर लांडगा. तिथे वनविभागाची गवताळ सफारी आहे. नोंदणी आधी ऑनलाइन करा, गाडी वाटेल तिकडे माळावर घालू नका.

पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं देऊळ बघायचं मनात असेल, तर मात्र सहल मे महिन्यात ठेवावी लागेल. पातळी बरीच उतरली तरच ते नीट उघडं पडतं. त्या दिवसांत तंबूत दुपार काढवत नाही, तेव्हा आडोशाची खोली घ्या आणि होडी सकाळी आठच्या आत परत आणा.