मिराजच्या मॉडेलसाठी जादा भाग घेताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरमध्ये विमानांची मॉडेल्स करणाऱ्याच्या टेबलावर आज ना उद्या मिराज हे लढाऊ विमान येतंच. १९८५ पासून ही विमानं महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आहेत, शहरातल्या लष्कर भागाच्या गच्च्यांवरून त्यांचा त्रिकोणी पंख लहान मुलंही ओळखतात. किट हातात आलं की पुढचा मोह ठरलेला: रेझिनचं (साच्यात ओतलेल्या राळेचं) कॉकपिट, फोटो-एचचे म्हणजे कोरीव पातळ पत्र्याचे खुर्चीचे पट्टे, पितळी पिटो म्हणजे नाकावरची बारीक नळी, रेझिनची चाकं. हे भाग बहुधा बाहेरून मागवावे लागतात, कुरिअर आणि कस्टम्स धरून कधीकधी किटच्या किमतीला जाऊन भिडतात आणि परत पाठवणं परवडत नाही. म्हणून पैसे भरण्याआधीच जागं राहायला हवं.

विमानाचं नाव जुळलं, किट जुळलं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाकिटावर 'मिराज २०००, १:४८' (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं) एवढं वाचून ऑर्डर जाते. पण रेझिनचं कॉकपिट हे विमानासाठी नसतं, ते एका ठरावीक कंपनीच्या किटसाठी बेतलेलं असतं. १:४८ मध्ये हेलरचं मिराज आहे आणि कायनेटिकचंही आहे. दोघांच्या धडाची आतली रुंदी, कॉकपिटच्या जमिनीचा उतार, नाकाचा जोड वेगळा. एकाचा संच दुसऱ्यात ठोकून बसवता येतो, पण त्यात जाणारे तास मोजले तर तेवढ्यात दुसरं मॉडेल झालं असतं. चाकं, नोझल (शेपटीतलं इंजिनाचं तोंड) आणि कॅनोपीचे म्हणजे कॉकपिटवरच्या काचेचे, रंगवताना ती झाकणारे मास्क यांनाही हाच नियम. मास्क तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही वाया जातात.

खुर्ची, पिटो, क्षेपणास्त्रं हे भाग मात्र बरेचसे कुठल्याही किटला चालतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

साल न ठरवता केलेली खरेदी

किट जुळलं तरी विमान जुळतंच असं नाही. आपल्याला कुठल्या सालचं मिराज करायचं आहे, हे आधी कागदावर लिहा. १९९९ च्या कारगिलमधलं मिराज २०००एच करायचं असेल तर मूळचं कॉकपिट हवं, म्हणजे २०००सी या प्रकारासाठीचा संच जवळचा. मोठ्या पडद्यांच्या २०००-५ या नंतरच्या प्रकाराचा संच दिसायला देखणा, पण त्या सालाला चुकीचा. शस्त्रांचंही तसंच: कारगिलच्या मिराजला मॅजिक क्षेपणास्त्रं आणि लेसर बॉम्ब शोभतात, मिका क्षेपणास्त्र नाही. मिका आलं ते नंतरच्या अपग्रेडसोबत.

मिग-२१ करणारे याहून मोठा घोळ घालतात. आपल्या मिग-२१ एफएल म्हणजे टाइप ७७ या प्रकाराची कॅनोपी पुढच्या बिजागरीवर मागून उचलली जाते आणि आत एसके खुर्ची असते. बिस या नंतरच्या प्रकाराची कॅनोपी उजवीकडे उघडते आणि खुर्ची केएम-१ असते. एफएलमध्ये केएम-१ बसवली की जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. संदर्भासाठी एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात काढलेले फोटो भरपूर मिळतात. त्यासाठी महाराजपुऱ्याच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन जायचं कारण नाही, आणि तशी परवानगीही नाही.

कॉकपिट बसतं, पण धड मिटत नाही

तक्रारींमध्ये ही पहिल्या नंबरची. रेझिनच्या टबच्या (कॉकपिटच्या खोक्याच्या) भिंती किटच्या भागापेक्षा जाड असतात. दोन अर्धी धडं जवळ आणली की वर किंवा खाली मिलिमीटरभर फट राहते, आणि माणूस ती रबरबँड लावून दाबतो. दुसऱ्या दिवशी जोड सुटलेला असतो.

दाबू नका, घासा. आधी भागाला चिकटून आलेला ओतकामाचा ठोकळा बारीक दातांच्या करवतीने कापा. सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळणारं बारीक करवतीचं पातं उत्तम चालतं, त्यासाठी सराफ बाजारात एक चक्कर मारावी. मग टबची रुंदी व्हर्नियरने मोजा, धडाची आतली रुंदी मोजा, फरक निम्मा करून दोन्ही बाजूंनी काढा. धडाची भिंत आतून खरवडायची तर मोबाइलचा टॉर्च बाहेरून टेकवा. घासता घासता आतल्या बाजूला प्रकाश एकदम उजळ दिसायला लागला की थांबायचं. भिंत साधारण अर्ध्या मिलिमीटरवर आली आहे आणि यापुढे भोकच पडणार. शेवटी कॅनोपी ठेवून पाहा. खुर्चीचा माथा काचेला टेकत असेल तर खुर्चीचा तळ घासा, माथा नाही.

रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट. वॉटर पेपर ओला ठेवूनच घासा, करवत चालवताना एन-९५ मास्क लावा. काम झाल्यावर भाग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकट थरावरचा रंग मास्किंग टेपबरोबर निघून येतो.

गोंद आणि ग्वाल्हेरची हवा

प्लास्टिक सिमेंट रेझिनला किंवा पितळेला धरत नाही. ते प्लास्टिक विरघळवून जोडतं, आणि इथे विरघळायला काही नसतं. सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरा. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. मे महिन्यात लू चालू असताना खोलीतली हवा कोरडी ठाक असते, थेंब कितीतरी वेळ ओलाच राहतो आणि चिमट्याने सरळ केलेला भाग हळूच कलतो. ॲक्टिव्हेटर (सुपरग्लू लगेच सुकवणारं द्रव) वापरा, नाहीतर जोडायच्या एका बाजूवर आधी हलका श्वास सोडा. श्रावणात याच्या उलट: पटकन सुकतो आणि काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखा धूर बसतो. कॅनोपीजवळ सुपरग्लू कधीच नको, तिथे फेविकॉल पुरतो.

भाग वाकडा चिकटला तर नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यातलं ॲसिटोन किटचं प्लास्टिक खातं. मॉडेल पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि भाग बहुधा कट् करून सुटतो.

उन्हाळ्यात पार्सल गाडीत ठेवलं तर लांब रेझिन भाग वाकून निघतात. ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, काचेवर सरळ धरा, लगेच गार पाण्यात टाका. थ्री-डी प्रिंट केलेल्या भागांवर हा उपाय जपून; ते वाकण्याआधी मोडतात. त्यांचे आधाराचे खांब भागापासून थोडे दूर कापून उरलेलं घासावं.

फोटो-एच: जेवढं दिसतं तेवढंच

०.२ मिमीचा पत्रा १:७२ मध्ये खऱ्या विमानावर १४ मिमी जाड होतो. खुर्चीच्या पट्ट्याला हे शोभत नाही. म्हणून १:७२ ला रेझिन खुर्चीवर आधीच कोरलेले पट्टे बरे. पत्रा १:४८ ला घ्यावा. कटिंग मॅटवर कापला की तो पात्याखाली दबून वाकतो. टाइल किंवा जाड काच घ्या. साधं पितळ मेणबत्तीवर तापवून मऊ करता येतं, पण आधीच रंगवलेला संच असेल तर रंग जळेल. कॉकपिटच्या पॅनलसाठी फोटो-एच किंवा थ्री-डी डिकल (उठावाचं छापील चित्र) लावणार असाल तर किटच्या पॅनलवरची उठावाची बटणं आधी साफ घासून टाका, नाहीतर डिकल डुगडुगतं. चाकांच्या खोबणीतले पत्रे घेऊ नका. मॉडेल उलटं करून कोणी पाहत नाही.

वजन आणि शेवटचे भाग

रेझिनचं नोझल शेपटीत बसलं की विमान मागे बसू शकतं. धडं टेपने जोडून मुख्य चाकांच्या रेषेवर तोला, नाक खाली येईपर्यंत शिशाच्या गोळ्या घाला, वर आणखी थोड्या. हे धड बंद करण्याआधीच. व्हाइट मेटल या मऊ धातूचे चाकांचे पाय वजन जास्त असेल तरच घ्या, ते सहज वाकतात आणि १:७२ ला तर गरजच नाही.

पितळी पिटोचं भोक मात्र सुरुवातीलाच पाडून ठेवा, कारण नाकात शिसं आणि इपॉक्सी भरल्यावर तिथे ड्रिल सरळ जात नाही. पिटो स्वतः रंग, डिकल, वार्निश सगळं झाल्यावर लावायचा. तोवर शीतपेयाच्या स्ट्रॉच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकांना टेप लावून ठेवावा.